लाल काचेची कड

"ग्राइंडर हवाय," असं मी पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका दुकानात म्हटलं. गल्ल्यावरच्या मुलाने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "चार इंची की सात इंची?" म्हटलं, वेल्डिंगवाल्यांचा नको बाबा, रंगीत काचकामासाठी काचेची कड घासायचीय, पाण्यावर चालतो तो. "वेट ग्राइंडर होय! तो इथे नाही, भांड्यांच्या दुकानात. दोन लिटरचा घ्या, इडलीचं पीठ मस्त होतं." माझ्या मागे उभा असलेला एक रंगारी म्हणाला, "काकू, पॉलिश पेपर मारा की सरळ."

त्या दिवशी मी ग्राइंडरऐवजी कार्बोरंडमचा दगड घेऊन घरी आले. विळी-सुऱ्यांना धार लावायचा, एका बाजूने भरड, दुसऱ्या बाजूने बारीक. त्याच्यावर मी तीन महिने काढले आणि ते तीन महिने वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर काचेची कड. आजी सहाणेवर चंदनाचं खोड उगाळायची तीच हालचाल, फक्त इथे सुवास नाही आणि बोट घसरलं तर रक्त येतं. एका सरळ कडेला दहा मिनिटं लागायची. चौकोनी तुकड्याला चाळीस. मग आपोआपच माणूस काच नीट कापायला शिकतो, कारण वाकडी कापली तर पुढची दुपार गेली.

काच 'कापणं' हा शब्द तसा फसवाच. कोणी कापत नाही. चाकाने वरवर एक चीर ओढायची आणि मग ती चीर खालपर्यंत पळेल अशा बेताने काच मोडायची. हे चाक असलेलं कलम आता सहज मिळतं. पूर्वी काचवाल्याच्या पेटीत हिऱ्याचा कण बसवलेलं कलम असायचं, त्याला हिरकणी म्हणायचे. सरळ रेषेत चीर गुणी मुलासारखी जाते. बाहेरच्या गोलाईतही थोडं लाडीगोडी लावून जमतं. आतल्या वळणात मात्र ती मध्येच सरळ निघून जाते आणि हातात दोन नको असलेले तुकडे राहतात. आतलं वळण दगडावर घासताही येत नाही. दगड सपाट, वळण खोल. तिथे माझा दगड संपला.

पण मी दगडावरच राहिलेही असते. ग्राइंडर घ्यायला लावला तो चार तावदानांनी.

संगमेश्वरच्या अलीकडे आमचं आजोळ. चिऱ्याचं, कौलारू, चारचौघांसारखं घर. त्यात मिरवण्यासारखी गोष्ट एकच: ओटीवरून माजघरात शिरताना दारावर अर्धगोल झरोका होता आणि त्यात पंख्याच्या पाकळ्यांसारखी रंगीत तावदानं लाकडी पट्ट्यांत लुकणाने (पुट्टीने) बसवलेली होती. चार वाजले की माजघरातल्या जमिनीवर रंग उतरायचे आणि आम्ही मुलं 'माझ्यावर लाल, तुझ्यावर हिरवा' करत भांडायचो. घर पाडलं तेव्हा मामेभावाने झरोका सोडवायचा प्रयत्न केला. पट्ट्या वाळवीने खाल्लेल्या, लुकण दगडासारखं झालेलं. चार तावदानं हाती लागली. एक लाल, दोन निळी, एक हिरवं. मी निवृत्त झाले आणि काचकामाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले, ही बातमी त्याच्यापर्यंत गेली. "तुला काचेचं वेड लागलंय म्हणे. मग ही तूच घे, माझ्याकडे ट्रंकेत पडलीत," असं म्हणून तो ती घेऊन एसटीने आला. गोधडीत गुंडाळून, मांडीवर, आडवी. घाटात कुठेतरी एका निळ्या तावदानाचे दोन झाले.

आमच्या कोपऱ्यावरच्या काचवाल्याला ते तुकडे दाखवले तर तो आधी तुटलेल्याकडे नाही, गोधडीकडे बघत होता. "आडवी आणली ना? काच उभी न्यायची, ताई. आडवी काच आपल्याच वजनाने वाकते. खड्ड्यात गाडी आपटली की संपलं." कापून देशील का विचारलं तर त्याने हात मागे घेतले. "जुनी काच आहे. चालली तर चालली. माझ्यावर नको." मग त्याने लाल तावदानाची कड अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "हिचे टवके उडालेत सगळीकडे. ही घासायला लागेल."

आता हे टवके का घासायचे, ते सांगायला हवं. मी शिकले ती पद्धत तांब्याच्या पट्टीची. प्रत्येक तुकड्याच्या कडेला सगळीकडून चिकट पाठीची तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची, तुकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि फटीवर कथील-शिशाचा डाख द्यायचा. लुई कम्फर्ट टिफनी (१८४८–१९३३) यांच्या न्यूयॉर्कच्या कारखान्यातल्या दिव्यांच्या छत्र्यांमुळे ही पद्धत जगभर गेली. शेकडो चिमुकले तुकडे गोल घुमटात बसवायचे तर जाड शिशाच्या पट्ट्या चालत नाहीत, तांबं चालतं. पण तांबं दयाळू नाही. कडेला बारीक कंगोरा राहिला तर पट्टी तिथे फाटते. तुकडा एक मिलिमीटर मोठा कापला गेला तर शेजारचा सरकतो, त्याचा शेजारी सरकतो. ओळीत सहा तुकडे असले तर सहा मिलिमीटर, वर प्रत्येक सांध्यात पट्टीची आणि डाखाची जाडी. शेवटचा तुकडा चौकटीबाहेर उभा. लग्नाच्या पंगतीत एक जण ऐसपैस बसला की टोकाच्याला पाट मिळत नाही, तसं.

शिशाच्या पद्धतीत हे इतकं नडत नाही. तिथे शिशाच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, आडव्या पाडलेल्या इंग्रजी एचसारखी, आणि काच त्या खाचेत सरकते. कडेचे टवके, थोडंफार कमी-जास्त, सगळं खाचेच्या पोटात जातं. मुंबई विद्यापीठाच्या १८७४ सालच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची जी मोठी गोल खिडकी आहे, किंवा शेजारच्या राजाबाई टॉवरमधल्या (१८७८) खिडक्या, त्या शिशात बसवलेल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या ग्राइंडरशिवाय. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, थिओफिलस नावाने लिहिणारा एक भिक्षू सांगून गेलाय की तापवलेल्या लोखंडाने काच तडकवायची आणि मग खाचेच्या लोखंडाने कड उंदरासारखी कुरतडत आकारात आणायची. म्हणजे माझ्या चार तावदानांसाठी मी शिशाची पद्धत शिकले असते तर ग्राइंडर लागलाच नसता. हे मला नवऱ्याने दाखवून दिलं आणि ते खरंच होतं. पण शिशाच्या रुंद काळ्या पट्ट्यांत त्या पाकळ्या मला अंगठीत नाही, बेडीत दिसायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर मला ग्राइंडर हवाच होता. कार्यशाळेत आम्ही सहा जण एका ग्राइंडरसमोर रेशनच्या रांगेसारखे उभे राहिलो होतो, माझा नंबर आला तेव्हा जेमतेम पाच मिनिटं मिळाली. त्या पाच मिनिटांत एक आतलं वळण कसं लोण्यासारखं झालं ते मी विसरले नव्हते.

यंत्र तसं अगदी साधं. खाली मोटर, तिचा उभा दांडा वर आलेला, दांड्यावर गोल बिट. बिटच्या अंगावर हिऱ्याची भुकटी बसवलेली, म्हणजे पुन्हा हिरकणीच, एक नाही, हजारो. भोवती जाळीची ताटली, ताटलीखाली पाणी, आणि बिटला टेकून एक स्पंज, जो पाणी ओढून बिटला सतत ओलं ठेवतो. ताटलीवर काच ठेवायची आणि कड बिटला लावायची. बस. आमच्या सासूबाईंनी बघून विचारलं होतं, "एवढ्यासाठी एवढे?"

घ्यायचं ठरलं तरी कोणतं, हा घोळ दोन महिने चालला. त्या काळात मला सगळ्यांनी सल्ले दिले. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याने सांगितलं, माझ्या चाकावर घासून देतो. त्याचं चाक कोरडं. कोरड्या चाकावर काच तापून तडकते हे एक, आणि तिची भुकटी हवेत उडते हे दुसरं. काच म्हणजे मुळात वाळू. ती छातीत गेलेली चांगली नाही. सोसायटीतल्या एका उत्साही काकांनी हातात धरायचं छोटं फिरकीयंत्र आणून दिलं, त्याला हिऱ्याचं टोक लावून वरून थेंब थेंब पाणी सोडायचं. एका हातात विजेचं यंत्र, दुसऱ्या हातात काच, आणि पाण्याची बाटली नवऱ्याच्या हातात. एकदा केलं. पुन्हा नाही.

कामाचा सल्ला मिळाला चष्मेवाल्याकडे. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात आमचा जुना चष्मेवाला आहे. माझी फ्रेम बदलायला गेले असताना मागच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला, ओल्या काचेचा, किरकिर नाही आणि घरघरही नाही असा. डोकावले तर त्यांचे वडील, सत्तरीच्या पुढचे, एका फिरत्या ओल्या चाकावर भिंग घासत बसलेले. पुढे संगणकाचं यंत्र आहे, भिंग ठेवलं की आपोआप फ्रेमच्या मापात कापून देतं. पण शेवटची कड मारायला अजून हे. मी त्यांना माझी अडचण सांगितली. त्यांनी हातातलं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "लावा." मी लावलं. "दाबू नका. तुम्ही दाबताय. त्याला खाऊ द्या." मग थोड्या वेळाने: "आवाज ऐका. आवाज जड झाला की तुम्ही दाबताय." यंत्र कोणतं घेऊ, हे विचारलं तर त्यांना या यंत्रांतलं काही माहीत नव्हतं. पण एक म्हणाले, "चाक कुठे मिळतं ते आधी बघा, मग यंत्र घ्या. यंत्र एकदा घेता, चाक दरवर्षी."

हे मी वहीत लिहून ठेवलं आणि माझ्या निवडीत यातूनच सगळ्यात जास्त फायदा झाला. बिट झिजतो. दोन मिलिमीटर जाडीची काच बिटच्या उंचीपैकी तेवढ्याच पट्ट्याला घासत असते, म्हणून आधी तिथे झीज होते. मग बिट थोडा वर किंवा खाली सरकवायचा आणि नवा पट्टा वापरायचा. असं तीन-चार वेळा झालं की नवा घ्यायचा. तो नवा कुठून येणार? बहुतेक नावाजलेल्या यंत्रांचा दांडा ५/१६ इंच जाडीचा असतो, त्यामुळे एकाचा बिट दुसऱ्याला बसतो. पण काही स्वस्त यंत्रांचा दांडा सरळ आठ मिलिमीटरचा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक केसाएवढाही नाही, पण बांगडीला विचारा, हातावर चढायची नसली तर ती तेवढ्यावरही अडते. एका स्वस्त यंत्रावर मी केवळ याच कारणाने फुली मारली. त्याच्या पत्रकात दांड्याची जाडीच दिलेली नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "स्टँडर्ड साइज मॅडम."

भाचा अमेरिकेत, तो डिसेंबरात येणार होता. "मावशी, इकडे शंभर-दीडशे डॉलरला मिळतं, मी बॅगेत टाकून आणतो." इनलँड, ग्लॅस्टार, ग्रिफन, अशी तिकडच्या कारागिरांच्या तोंडात बसलेली नावं आमच्या व्हिडिओ कॉलमध्ये महिनाभर फिरत होती. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं. फक्त तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि आपली २३०, म्हणून व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर बघायला तपकीर गल्लीत गेले.

तपकीर गल्लीतल्या त्या माणसाने मला वाचवलं. दुकान म्हणजे एक फळी आणि फळीमागे तारांची जंगलं. "व्होल्टचं मी बघतो, ताई. हर्ट्झचं काय करणार?" मी गप्प. "हर्ट्झ म्हणजे विजेचे सेकंदाला हेलकावे. तिकडे साठ, इकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. मोटर कसली आहे?" मला काय माहीत कसली. त्याने पावतीच्या मागे पेन्सिलीने मांडून दाखवलं. इंडक्शन मोटर असेल तर तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. साठवर मिनिटाला ३४५० फेरे मारणारी मोटर पन्नासवर २८५० च्या आसपास मारेल. वेग गेला तर गेला, काचेला चालेल, पण ती तापणार. "तुम्ही तासभर चालवणार. वर पाणी. मला काही पटत नाही. डीसी मोटर असेल तर गोष्ट वेगळी. मोटरवरच्या पाटीचा फोटो मागवा." भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, पाटीचा फोटो साइटवर कोण टाकतं? तेवढ्यावर अमेरिकेचं यंत्र बाद झालं. त्या माणसाने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही आणि वीस मिनिटं घालवली. नंतर मी त्याच्याकडून एक लांब वायर आणि पायाने दाबायचं बटण घेतलं, ते केवळ ओशाळून. पायाचं बटण आज मला यंत्राइतकंच लाडकं आहे. दोन्ही हात काचेवर, आणि काही बिघडलं की फक्त पाय उचलायचा.

शेवटी परदेशी माल मागवून देणाऱ्या एकाकडून २३० व्होल्टचं, मधल्या आकाराचं यंत्र घेतलं. किंमत नवऱ्याच्या शब्दांत 'दोन चांगले मिक्सर'. बघून घेतल्या त्या गोष्टी इतक्याच: दांडा ५/१६, बिट वर-खाली सरकतो, पाण्याची ताटली सुटी निघते, आणि समोर पारदर्शक पडदा आहे. ताटली सुटी निघणं हे कागदावर क्षुल्लक दिसतं. रोज धुवायची असते तेव्हा कळतं. मोटरच्या ताकदीचे आकडे मी सोडून दिले. दाबायचंच नाही तर ताकद किती लागणार? इथे मी थोडी चुकले. जाड, खडबडीत काच घासताना लहान मोटर लगेच मान टाकते, आणि नव्या माणसाला न दाबता घासायचं हे समजायलाच महिना लागतो. आज घेतलं असतं तर एक पायरी वरचं घेतलं असतं. बिट मात्र बारीक दाण्याचा घेतला ते बरोबर झालं. भरड बिट भराभर खातो, पण कडेचे टवके उडवतो, आणि माझी जुनी काच आधीच टवक्यांनी बेजार.

यंत्र आमच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसलं. पहिल्या दिवशी मी केस बांधले, ओढणी काढून ठेवली, चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवला आणि पाय बटणावर ठेवला. आतून सासूबाई म्हणाल्या, "चटणी करतेस का गं?"

पहिला धडा स्पंजचा. काचेच्या कडेशी पांढरं दूध दिसायला हवं. दुधाऐवजी पीठ दिसलं की स्पंज कोरडा पडलाय, तिथेच थांबायचं. दुसरा धडा गाळाचा. ताटलीतलं पाणी मी तीन दिवस बेसिनमध्ये ओतलं. चौथ्या दिवशी प्लंबरने खालचा वाकडा पाइप काढून दाखवला. आत सिमेंटसारखं बसलेलं. तेव्हापासून पाणी बादलीत रात्रभर ठेवते, वरचं निवळ कुंडीत न घालता मोरीत सोडते आणि खालचा लगदा आइस्क्रीमच्या डब्यात वाळवून कचऱ्यात. तो डबा उघडून बघितला तर एक गंमत दिसते. लाल घासली, हिरवी घासली, गाळ पांढराच. फक्त निळीच्या दिवसाचा थर किंचित निळसर.

तिसरा धडा महाग पडला आणि तो पूर्णपणे माझाच. बिट बसवताना दांड्याला व्हॅसलीनचं बोट फिरवायचं असतं, पुस्तिकेत लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. पावसाळ्यात तीन आठवडे यंत्र तसंच ओलं राहिलं आणि बिट दांड्यावर गंजून बसला. अ‍ॅलन की फिरवून स्क्रू निघाला, बिट जागचा हलेना. गंज सोडवायचं तेल, गरम पाण्यात बुडवलेलं फडकं, दोन पाने दोन्ही बाजूंनी लावून उचकटणं, रविवार गेला. शेवटी निघाला तो निम्म्या हिरकण्या गमावून. नवऱ्याने एक शब्द काढला नाही. व्हॅसलीनची डबी मात्र तेव्हापासून यंत्राच्या पडद्याला रबराने अडकवलेली असते, ती त्याने अडकवली.

या सगळ्या काळात लाल तावदानाला मी हात लावला नव्हता. नव्या काचेचे तुकडे घासले, तुटलेल्या निळीचे दोन भाग सरळ केले, हिरवीचे कोपरे काढले. सप्टेंबर संपता संपता एका सकाळी, ऊन चांगलं असताना, लाल घेतलं. जुनी काच जेमतेम दोन मिलिमीटर, हातात नव्यापेक्षा हलकी वाटते, उजेडात धरली की आत बारीक बुडबुडे. पाय बटणावर ठेवला, चष्मेवाल्या आजोबांचं 'खाऊ द्या' मनात म्हटलं, कड लावली. दूध आलं. दोन बोटं कड झाल्यावर काच उचलून पाण्याने धुतली आणि कडेकडे पाहिलं.

कड लाल नव्हती.

पाण्यासारखी होती, किंचित हिरवट. क्षणभर वाटलं, बिटने रंग उतरवला. मग भिंग आणलं. कडेच्या वरच्या अंगाला एक लाल रेष होती, कुंकवाच्या काडीने ओढावी इतकी बारीक. त्याखाली सगळी साधी काच. लहानपणी जिच्यासाठी भांडलो ती लाल काच पापुद्र्याएवढीच लाल होती.

मग वाचत गेले. तांब्याने लाल केलेली काच इतकी गडद होते की दोन मिलिमीटर जाडीत तिच्यातून उजेडच येणार नाही, काळी दिसेल. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. मध्ययुगातल्या चर्चच्या लाल काचाही अशाच थराच्या. काही कारागीर तर तो थर मुद्दाम खरवडून लालमध्ये पांढरी नक्षी काढत. म्हणजे आजोळच्या झरोक्यात कोणी फसवलेलं नव्हतं. लाल असंच करावं लागतं.

काम मात्र त्याने बदललं. अशा काचेवर चीर ओढायची ती बिनरंगी बाजूने, आणि बिटवर धरायची तीही लाल अंग वर ठेवून, अगदी हलक्या हाताने, नाहीतर थराचा टवका उडतो आणि लालमध्ये पांढरा डाग पडतो. एक उडालाच. डाव्या खालच्या कोपऱ्यात, मसुराच्या डाळीएवढा. तो तांब्याच्या पट्टीखाली झाकता आला असता, पट्टी थोडी रुंद घेतली असती तर. मी घेतली नाही. तिथे माजघराच्या दारातला तो झरोका पहिल्यांदा माझ्या हाताने खरवडला गेलाय, राहू दे.

आणखी एक, याच्याशी थेट संबंध नसलेली गोष्ट. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. अंगठा ठेवला, यंत्र म्हणे जुळत नाही. दुसरा अंगठा. नाही. तर्जनी. नाही. समोरच्या मुलीने विचारलं, "आजी, भांडी खूप घासता का?" हिऱ्याची भुकटी कातडी कापत नाही, पण रोज तासभर तिच्याशेजारी बोटं नाचवली की ठसे पुसट होतात. मी जिवंत आहे हे शेवटी डोळ्यांवरून ठरलं. तेव्हापासून बोटांना रबराच्या टोप्या घालते. हातमोजे नकोत, ते फिरत्या बिटमध्ये ओढले जाऊ शकतात.

अर्धगोल आता ड्राय बाल्कनीच्या दारावर लागलाय. मूळच्या चार तावदानांचे पाच तुकडे, बाकी नवी काच. लाल पाकळी मधोमध नाही, डावीकडून दुसरी, कारण आजोळीही ती तिथेच होती, निदान मला तसं आठवतं. मामेभाऊ म्हणतो उजवीकडून. सव्वाचारच्या सुमाराला तिचा रंग वॉशिंग मशीनच्या झाकणावर येतो आणि साडेचारला भिंतीवर चढतो. सासूबाई तेवढ्या वेळापुरती खुर्ची तिथे ओढून बसतात. तिचा लाल रंग किती पातळ आहे ते मी त्यांना सांगितलंय. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

परवा मामेभावाचा फोन आला. गोठ्याच्या माळ्यावर आणखी दोन तावदानं सापडलीत. पिवळी आहेत, एक कोपऱ्यात तडकलेलं. पुढच्या आठवड्यात पुण्याला यायचंय, आणू का?

आण म्हटलं. पण मांडीवर नको. उभी धर.